निम्मे विषय

सिंगापूरमध्ये ऋतू बदलल्याचं आभाळाकडे बघून कळत नाही. आभाळ इथे बारा महिने तेच करतं. सकाळी ऊन, दुपारी अंधारून येणं, मग धो धो पाऊस, आणि संध्याकाळी काही घडलंच नाही असा चेहरा. ऋतू कळतो तो विमानतळावर. नोव्हेंबर लागला की चांगीच्या टर्मिनलमध्ये पायऱ्यांवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, खांबांच्या बुडाशी मुलं पुस्तकं पसरून बसलेली दिसतात. त्यांना कुठेही जायचं नसतं. घरात जागा नसते, ग्रंथालयात मिळत नाही, आणि विमानतळावर गारवा, प्लग आणि स्वच्छ संडास या तीनही गोष्टी फुकट असतात. जगात इतरत्र लोक विमानतळावर येतात ते निघून जायला. इथली मुलं येतात ती पास व्हायला.

गेल्या आठवड्यात मोठ्या जाऊबाईंना पोचवायला गेले होते. त्यांची बॅग वजनात जास्त भरली. काउंटरवरच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात सांगितलं की ओझं कमी करावं लागेल. मग तिथेच फरशीवर बॅग उघडून जाऊबाईंनी बामच्या बाटल्या, चॉकलेटं आणि एक अवजड पितळी सिंह बाहेर काढला. "हे तू ठेव, पुढच्या वेळी नेईन," म्हणाल्या आणि हलक्या होऊन निघून गेल्या. मी सिंह काखेत धरून परत निघाले तेव्हा अभ्यासाला बसलेली एक मुलगी दिसली.

चौघांचा घोळका होता. तिघांपुढे पुस्तकांची चळत, डोळे तांबारलेले, केस दोन दिवस न धुतलेले. चौथीपुढे एक बारकी फाइल. ती पाय हलवत, स्ट्रॉने मायलो पीत, लोकांकडे बघत बसली होती. इतक्या वर्षांनी, या वयात, काखेत पितळी सिंह असताना, एका अनोळखी मुलीचा मला हेवा वाटला. तिचे विषय कमी असणार, हे मी लांबून ओळखलं. या बाबतीत माझी नजर तयार आहे.

ती तयार केली मृदुलाने.

मृदुला कराडची, मी पुण्याची. पाण्याच्या अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला आम्ही एकाच ऑगस्टमध्ये इथे आलो. पहिल्याच दिवशी मोठ्या सभागृहात स्वागत समारंभ झाला. झगा घातलेल्या एका गृहस्थांनी आम्ही जगाचे नागरिक आहोत असं सांगितलं. मागे पडद्यावर पृथ्वी फिरत होती. भाषण संपल्यावर जगाच्या नागरिकांना पासपोर्टाच्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या रांगांत उभं करण्यात आलं आणि आमच्या रांगेला स्टुडंट पासचे नियम समजावून देण्यात आले. त्यातला मुख्य नियम सोपा होता. तुम्ही इथे शिकायला आला आहात, तर पूर्णवेळ शिका. सेमिस्टरला चार विषय घ्या. इथल्या मुलांनी दोन घेतले तर ती उरलेल्या वेळात नोकरी करत असतील, लग्न ठरवत असतील, काहीही करत असतील. परदेशी विद्यार्थ्याने दोन घेतले तर प्रश्न पडतो, की मग तो इथे आहे कशाला?

आम्ही बेडोकला एका चिनी आजीबाईंच्या फ्लॅटमध्ये खोली घेतली. त्यांना सगळा ब्लॉक आंटी म्हणायचा, आम्हीही म्हणू लागलो. खोलीत दोन पलंग, मध्ये एक पंखा, खिडकीबाहेर आंटीच्या कुंड्या. सप्टेंबरात मृदुलाला डेंगी झाला. आम्ही दिवसभर पाण्याचा निचरा शिकत होतो आणि तिला गाठलं कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्याने. त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली मीही झोपत होते. मलाही डास चावले होते, बहुधा तेच. पण निवड तिची झाली.

हे मी आज गमतीने लिहिते आहे असं कुणाला वाटेल. तेव्हाही मला यात गंमत वाटली नव्हती.

ती दवाखान्यातून परत आली तेव्हा तिच्या गालांची हाडं वर आली होती आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती भिंत धरत होती. डॉक्टरांनी लिहून दिलं, विद्यापीठाने विचार केला, आणि तिला मेल आला. मेलची सुरुवात तिच्या सर्वांगीण कल्याणाच्या काळजीने झाली होती. या सेमिस्टरपुरतं तिला रिड्यूस्ड लोड मंजूर झालं होतं. चारातले दोन विषय सोडायचे, दोनच ठेवायचे. दुसऱ्या परिच्छेदात काळजी थोडी कमी होती. दोन्ही विषयांत पास होणं आवश्यक. एकात जरी राहिली, तर तिची प्रकृती अभ्यासाला योग्य नाही असं समजून पुढचं सेमिस्टर सुटी, स्टुडंट पास परत करायचा, भारतात जायचं, आणि बरं वाटल्यावर पुन्हा अर्ज. अर्ज मंजूर होईलच असं तिथे कुठे लिहिलेलं नव्हतं.

मृदुलाने तो मेल मोठ्याने वाचून दाखवला. मी दोन्ही परिच्छेद ऐकले. लक्षात फक्त पहिला राहिला.

मत्सर हा शब्द मला जरा भारदस्त वाटतो. त्याला राजवाडा लागतो, कट लागतो, निदान एखादा विषाचा पेला तरी. माझ्याकडे होता तो साधा घरगुती जळफळाट. सकाळी मी सांख्यिकीच्या वर्गासाठी धावत बस पकडायचे तेव्हा मृदुला खाली हॉकर सेंटरमध्ये, टपऱ्यांच्या त्या मोठ्या खाणावळीत, टोस्टचा एकेक चौकोन अर्धकच्च्या अंड्यात बुडवत बसलेली असायची. मी घनकचऱ्याचा प्रकल्प करून परतायचे तेव्हा ती आंघोळ करून, केस मोकळे सोडून, पंख्याखाली कादंबरी वाचत असायची. कादंबरी माझी होती. मी इथे येताना आणलेली आणि अजून न उघडलेली. कधी ती बसने मरीन परेडला जायची आणि किनाऱ्यावर बसून नांगर टाकलेली जहाजं बघायची.

"काय केलंस आज?" मी विचारायचे.

"काही नाही गं. जहाजं बघितली."

"आणि दुपारी झोपलीस?"

"हो. रोज झोपते. डॉक्टरच म्हणालेत."

डॉक्टरच म्हणालेत. मला आयुष्यात कुठल्या डॉक्टरने दुपारी झोपायला सांगितलेलं नाही. मला पित्त होतं तेव्हा डॉक्टर म्हणतात, चालत जा.

यात आंटीचं सूप आलं. मी त्या घरात मृदुलाच्या दोन दिवस आधी राहायला आले होते. आंटीच्या गुडघ्यांची कथा मी पहिल्यांदा ऐकली होती, कुंड्यांना पाणीही मीच घालायचे. पण मला कधी सूप मिळालं नव्हतं. मृदुलासाठी मात्र रोज दुपारी गॅसवर मातीचं भांडं चढायचं. त्यात मासा, आलं, तांदळाची पेज आणि कसलीशी लाल फळं. मृदुलाच्या घरी अंडंसुद्धा वेगळ्या तव्यावर होत असे, मासा तर गल्लीतच येत नसे. पहिल्या दिवशी ती वाडग्याकडे बघत राहिली. आंटी समोर बसली.

"ईट, गर्ल. सो थिन, लेटर विंड कम, यू फ्लाय."

"आंटी, फिश," मृदुला कसंबसं म्हणाली.

"नॉट फिश. मेडिसिन," आंटी म्हणाली.

मृदुलाने डोळे मिटून खाल्लं आणि पुढच्या आठवड्यापासून डोळे उघडे ठेवून. मी स्वयंपाकघरातून पाण्याची बाटली भरत जात असे तेव्हा आंटी माझ्याकडे बघून म्हणायची, "यू, स्ट्राँग." हा शब्द इतक्या थंडपणे कुणाला वगळण्यासाठी वापरता येतो हे मला तेव्हा कळलं.

कराडहून तिच्या आईचा फोन रोज यायचा. शेवटी फोन माझ्याकडे दिला जायचा. "अनघा, तू आहेस म्हणून मला घोर नाही बघ. तू मोठी ना तिच्याहून." मी तिच्याहून काही महिन्यांनी मोठी होते. त्या काही महिन्यांवर माझं सगळं मोठेपण उभं होतं. माझी आई आठवड्यातून एकदा फोन करायची आणि विचारायची, "मृदुला कशी आहे?"

परीक्षेआधी विद्यार्थी संघटनेने सगळ्यांना एकेक पिशवी वाटली. पिशवीवर हसरा ढग आणि 'तू करू शकतोस' असं काहीतरी छापलेलं. आत बिस्किटं, कॉफीच्या पुड्या, हायलायटर आणि सर्दीच्या गोळ्या. मृदुलालाही तेवढीच पिशवी मिळाली. मी ती उघडून पाहिली. विषय निम्मे होते, बिस्किटं पूर्ण होती. हल्ली वन-नॉर्थच्या माझ्या ऑफिसात दर तिमाहीला स्वास्थ्य सप्ताह असतो. ढगाच्या जागी कमळ असतं आणि साहेब समतोल आयुष्यावर बोलत असल्याने बैठक जेवणाच्या सुटीत घ्यावी लागते. तेव्हा मला ती पिशवी आठवते आणि मी दोन बिस्किटं जास्त उचलते. काही हिशेब असेच फिटायचे असतात.

मग विमानतळ. बेडोकहून चांगी जवळ, त्यामुळे आमचा सगळा वर्ग तिकडेच जायचा. प्लगजवळच्या जागा मोजक्या, त्या धराव्या लागत. इथे जागा धरायला रुमाल, पिशवी, भांडण काही लागत नाही. टेबलावर टिश्यूचं एक पाकीट ठेवायचं आणि निघून जायचं. याला चोप करणं म्हणतात. सिंगापुरात लोक कायदे पाळतात ते दंडाच्या भीतीने, असं बाहेरचे म्हणतात. टिश्यूचं पाकीट पाळतात ते कशाच्या भीतीने, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. हॉकर सेंटरमध्ये भरल्या ताटांनी उभी असलेली माणसं रिकाम्या टेबलाकडे बघतात, पाकीट बघतात, आणि पुढे जातात.

मृदुलाला वेळच वेळ असल्याने ती सकाळी जाऊन दोन पाकिटं ठेवायची. एक तिचं, एक माझं. मी दुपारी वर्ग संपवून धापा टाकत पोचायचे तेव्हा खिडकीजवळ, प्लगशेजारी, माझी खुर्ची राखलेली असायची. ती माझा स्वेटर घालून बसलेली असायची, कारण अशक्तपणामुळे तिला एसी सोसायचा नाही. मला थंडी वाजायची. मी पाकीट उचलून बसायचे आणि मनात म्हणायचे, वेळ आहे बाईसाहेबांना. कृतज्ञता वाटण्यासाठीसुद्धा माणसाला थोडी फुरसत लागते आणि माझे चार विषय होते.

एका संध्याकाळी पाऊस लागला होता. काचेपलीकडे विमानं उभ्या उभ्या भिजत होती. माझ्यापुढे चार विषयांच्या चार चळती होत्या आणि मृदुला पुस्तक मिटून वरच्या फलकाकडे बघत होती. तिची खुर्ची नेहमी त्या फलकासमोर असायची. कुठलं विमान कुठे आणि कुठल्या दाराने, हे त्यावर सरकत राहायचं. माणसं बघायला आवडतं म्हणून ती तिथे बसते, असा माझा समज होता.

"तुझं बरं आहे," मी म्हटलं. मला राहवलं नाही. "दोनच तर पेपर."

ती फलकावरून नजर न काढता म्हणाली, "मला तुझा इतका हेवा वाटतो ना, अनघा."

मला हसावं की चिडावं कळेना. "माझा? माझ्यात काय आहे हेवा करण्यासारखं? डोळ्यांखालची वर्तुळं?"

"तू एका विषयात नापास झालीस तर काय होईल?"

"परत देईन पुढच्या वेळी."

"हं. तू नापास झालीस तर नापास होशील. मी झाले तर," तिने हनुवटीने फलकाकडे खूण केली, "तिथे." फलकावर मुंबईचं विमान वरच्या ओळीत सरकलं होतं. "तुला चार खांब आहेत गं. एखादा हलला तर छप्पर राहील. माझे दोन काढून घेतले आणि वर म्हणाले, आता हलकं वाटत असेल."

मला राग आला होता, आणि तो कशाचा आला हे मी आज नेमकं सांगू शकते. तो संपूर्ण मोसम माझ्याकडे स्वतःची अशी एकच गोष्ट होती, तिच्याबद्दलचा हेवा. तोसुद्धा तिने स्वेटरसारखा अंगावरून काढून घेतला होता आणि तिला तो जास्त शोभत होता.

त्यानंतर तिच्या दुपारच्या झोपेकडे मी जरा नीट पाहिलं. ती झोपायची खरी, पण पुस्तक उशीखाली ठेवून आणि बोट पानात अडकवून. जहाजं बघायला जायची तेव्हा पिशवीत प्रश्नपत्रिका असायच्या. हे पाहून जळफळाट कमी व्हायला हवा होता. झाला नाही. आता मला तिच्या निष्ठेचाही हेवा वाटू लागला.

पहिला पेपर तिला बरा गेला. दुसरा, भूजलाचा, आम्हा दोघींचाही होता. हॉल एवढा मोठा की निरीक्षक माइकवरून बोलायचे. ती माझ्यापुढे काही रांगा सोडून बसली होती. अर्धा वेळ झाला असेल, तिने पेन खाली ठेवलं आणि कपाळ तळहातावर टेकलं. थोड्या वेळाने पेन उचललं, परत ठेवलं. मानेवर घामाने चिकटलेले केस दिसत होते आणि त्या हॉलमध्ये मला थंडी वाजत होती. तो तेवढा वेळ मला तिचा हेवा वाटला नाही. माझा भूजलाचा पेपर यथातथाच गेला.

निकाल डिसेंबरात लागला. मी चारही विषयांत पास झाले. ही बातमी त्या घरात कुणाला कळली की नाही मला शंका आहे, कारण मृदुला भूजलात राहिली होती. आंटी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत होती. कराडहून तिचे वडील बोलले, आई बोलली, मग फोन माझ्याकडे आला. "अनघा, तिला नीट विमानात बसवून दे बाळा." पुण्याहून आईचा फोन आला. "अगं, मृदुलाचं ऐकलं. फार वाईट झालं." मग बऱ्याच वेळाने, "तुझं काय झालं?"

निघायच्या दिवशी तिने चादर घडी घातली, बॅग ओढून दाराशी नेली, आणि परत आत आली. खिशातून टिश्यूचं पाकीट काढून तिने उघड्या गादीच्या मधोमध ठेवलं.

"चोप," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला बघवलं नाही. आंटी दारात उभी होती. तिने पाकिटाकडे बघितलं आणि हसली नाही.

विमानतळावर आमच्या नेहमीच्या जागांवर दुसरीच मुलं बसली होती. तिने स्वेटर काढून मला दिला. "आता तिकडे थंडी आहे, पण घरची आहे," म्हणाली. फलकावर मुंबईसमोर दाराचा क्रमांक आला आणि ती गेली.

जानेवारीत तिचे फोटो येऊ लागले. तिच्या काकांचं गुऱ्हाळ. काहिलीतून उठणारी वाफ, उसाच्या चिपाडांचा ढीग, पळसाच्या पानावर गरम काकवी. अंगावर शाल, हातात कपबशी, मागे धुक्यात उसाचं शेत. मी एसीत बसून चार नवे विषय घेतले होते आणि बाहेर तोच पाऊस पडत होता. नापास झालेल्या, पास परत केलेल्या, अर्जाच्या उत्तराची वाट बघत रोज मेल तपासणाऱ्या मुलीचा हेवा करणं शोभत नाही, हे मला समजत होतं. मी काकवीचा फोटो मोठा करून बघितला.

तिचा पलंग रिकामा होता. एका रविवारी चेन्नईची एक मुलगी खोली बघायला आली. नीटनेटकी, लगेच राहायला यायला तयार. मला वाटलं, झालं. आंटीने तिला खिडकी दाखवली, पंखा लावून दाखवला. मुलीने पलंगाकडे बोट केलं, "धिस वन?"

"कॅनॉट," आंटी म्हणाली. "समवन सिटिंग."

मुलीने रिकाम्या गादीकडे पाहिलं. मग पाकीट पाहिलं. ती इथे तीन-चार वर्षं राहिलेली असावी, कारण तिने पुढे एक शब्द विचारला नाही. ती गेल्यावर मी म्हटलं, "आंटी, ती कधी येईल माहीत नाही. येईल की नाही तेही."

"सो?" आंटी कुंडीखालची बशी उपडी करत म्हणाली. डेंगीनंतर ती रोज बश्या उपड्या करायची. "चोप मीन्स चोप, लाह."

नंतरही लोक आले आणि गेले. आंटी झाडू मारताना पाकीट उचलायची, गादी झटकायची, पाकीट परत तिथेच ठेवायची. मी माझ्या पलंगावरून हे बघायचे. मला खात्री होती की मी गेले असते तर संध्याकाळपर्यंत माझी उशी चेन्नईला मिळाली असती. यू, स्ट्राँग.

अर्जाला उत्तर मे महिन्यात आलं आणि ऑगस्टमध्ये मृदुला आली. गाल भरलेले, पिशवीत आंटीसाठी गुळाची ढेप. आंटीने वास घेतला. "गुला मलाका?" इथे माडाच्या गुळाला तसं म्हणतात.

"सेम सेम, आंटी. माय अंकल मेक."

आंटीने मातीचं भांडं गॅसवर ठेवलं.

मृदुला खोलीत आली. पलंगापाशी जरा थांबली, मग पाकीट उचलून फोडलं, एक टिश्यू काढून मानेवरचा घाम पुसला आणि टेकली. महिनोन् महिने धरलेली जागा माणूस घेतो तेव्हा फार काही दिसत नाही. गादी जराशी दबली, एवढंच.

"चार विषय घेतलेत," ती म्हणाली. "चारही. त्यातला एक भूजल. तुझे किती?"

"दोन."

"दोन?"

"शेवटचं सेमिस्टर ना. उरलेत तेवढेच. शेवटच्याला चालतं म्हणे, कुणी काही विचारत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मोकळ्या केसांकडे, पंख्याखाली उघड्या पडलेल्या माझ्या कादंबरीकडे, परत माझ्याकडे. ती नजर मी एक आख्खा मोसम वापरली होती. तिची शिवण न् शिवण मला ओळखीची होती.

"दुपारी झोपत असशील मग," मृदुला म्हणाली.

"रोज," मी म्हटलं.

मला दुपारी झोप येत नाही, आयुष्यात कधी आलेली नाही. पण ते तिला सांगायची काही गरज नव्हती.